एका तारेचा सेन्सर

रविवारी दुपारी माझ्या नातजावयाने माझ्या नवऱ्याची गाडी माझ्याच फाटकावर आदळली. फाटक उघडायला जरा उशीर झाला, एवढेच निमित्त. लोखंड वाकले, गाडीच्या नाकावरचा लाल रंग खरवडला गेला आणि त्याच क्षणी सायलेन्सरमधून बंदुकीसारखा बार उडाला. खडकीत बारांचे कोणाला कौतुक नसते; फायरिंग रेंजच्या आवाजात आमची मुले झोपी जात असत. तरीही शेजारच्या जयाबाई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या.

"बघा, उघडलं फाटक!" रतन हसत उतरला. "जयभीम, आजी!"

"जयभीम. पुढच्या वेळी घंटा वाजवा, रतनराव. ती त्यासाठीच लावलेली आहे."

दुसऱ्या बाजूने माझी नात चैताली उतरली. तिने दार डाव्या हाताने उघडले. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी होती, आणि पट्टीच्या मधोमध पिवळट ओल उमटली होती. ती माझ्या पाया पडली नाही, मला बिलगलीही नाही. खाली मान घालून उभी राहिली. आमच्या घरातल्या मुलींना जमिनीकडे पाहण्याची सवय नाही.

ही गाडी पोपटरावांची. पोपटराव, म्हणजे माझे यजमान, खडकीच्या कारखान्यात फोरमन होते आणि मी त्याच कारखान्याच्या तपासणी विभागात. बदली होऊन निघालेल्या एका कर्नलसाहेबांकडून त्यांनी ही दोनच आसनांची जपानी स्पोर्ट्स कार घेतली. चैतालीच्या जन्माआधीची गाडी. अवघ्या कुटुंबात नुसत्या आवाजावरून इंजिनाचे दुखणे ओळखणारी एक चैतालीच निघाली, म्हणून जाण्यापूर्वी त्यांनी गाडी तिच्या नावावर केली. मुलगा चेतन तेव्हा रुसला होता. त्याला गाडी चालवता येत नव्हती, पण रुसता चांगले येत होते.

ओसरीवर कादरभाई चहा घेत बसले होते. पोपटरावांचे जुने स्नेही. खडकी बाजारात त्यांचे गॅरेज आहे. त्यांच्या पिशवीत त्या दिवशी एक नवा ऑक्सिजन सेन्सर होता, आणि ही गोष्ट त्यांच्याखेरीज फक्त मला ठाऊक होती.

गेले काही महिने गाडी काळा धूर ओकत होती आणि पेट्रोल पाण्यासारखे पीत होती. चैतालीने फोनवर लक्षणे सांगताच मी निदान केले. ऑक्सिजन सेन्सर म्हणजे इंजिनाचे नाक. तो धुराच्या नळीत बसतो, जळलेल्या वायूचा वास घेतो आणि पेट्रोल वाढवायचे की तोडायचे ते कळवतो. नाक मेले की इंजिन आंधळेपणाने पीत सुटते. आजकालच्या गाड्यांना असे दोन-दोन सेन्सर असतात आणि प्रत्येकाला चार तारा. या गाडीला एकच सेन्सर आणि त्याला एकच तार. नाना पेठेतल्या दुकानदाराने कादरभाईंना सर्व गाड्यांना चालणारा सेन्सर दाखवला होता. तार कापा, डाख द्या, झाले काम. मी नकार दिला. सेन्सर बाहेरची हवा त्या तारेच्या आतूनच ओढतो. तिथे डाख दिला की त्याचा गळा आवळला. मूळ जोडणीचा, एका तारेचा मिळेपर्यंत थांबायचे, असे मी कादरभाईंना बजावले. तो आदल्या दिवशी आला. चैतालीच्या हातून तो बसवून घ्यावा, म्हणून मी दोघांना जेवायला बोलावले होते. सेन्सरचे मात्र कोणाला सांगितले नव्हते.

"हाताला काय झालं?" मी चैतालीला विचारले.

उत्तर रतनने दिले. "अहो, काय सांगू! तुमच्या नातीला मेकॅनिक व्हायचंय. परवा ऑक्सिजन सेन्सर बदलायला बसली, आणि तापलेल्या नळीवरच हात ठेवला. मी म्हणत होतो, बाई, गॅरेजवाल्याकडे दे. पण ऐकेल ती कसली!"

"बदलला?"

"बदलला की! नवाकोरा." त्याने गाडीतून एक खोके काढून माझ्यापुढे नाचवले. "हे बघा."

कादरभाईंनी कप बशीत ठेवला. गाडीच्या मागून कच्च्या पेट्रोलचा दर्प ओसरीपर्यंत येत होता.

"जुना कुठे आहे?" मी विचारले.

"जुना काय?"

"काढलेला सेन्सर."

"टाकला असेल कुठेतरी. भंगार ते, आजी. तुम्हाला काय करायचंय?"

कारखान्यात आमचा एक शिरस्ता होता. निकामी भाग जमा केल्याशिवाय नवा मिळत नसे. पोपटरावांनी तो शिरस्ता घरी आणला. या घरात काहीही बदलले, नळाचा वॉशर असो वा विजेचा दिवा, तर काढलेला भाग स्टीलच्या ताटलीत घालून मला दाखवायचा. त्याशिवाय काम झाले असे म्हणायचे नाही. चैताली फ्रॉकमध्ये असल्यापासून ताटली घेऊन माझ्यापुढे उभी राहत आली आहे. ती एखादे वेळी जेवायला विसरेल, पण जुना भाग टाकणार नाही. रतनला हे कोणी सांगितले नव्हते.

तेवढ्यात चेतन आतून आला. चैतालीचा बाप. "आई, पानं वाढलीत. जावई आलेत, आधी जेवून घेऊ."

"जेवण नको, बाबा," रतन म्हणाला. "संध्याकाळी खडकवासल्याला पोचायचंय. तिथला एक फार्महाऊसवाला गाडी घेतोय, मी शब्द दिलाय. चैतालीची कागदांवर सही झाली की निघतो."

"मी सही करणार नाही म्हटलंय," चैताली म्हणाली. आवाज एवढा बारीक की तो तिचा वाटेना.

रतनने तिच्या मानेवर हात ठेवला. तोंडाने तो हसत होता आणि बोटे रुतवत होता. त्याची नखे पांढरी पडलेली मी पाहिली. "करणार. घरी आपलं ठरलंय ना?"

"गाडीच आहे ना, आई," चेतन माझ्याकडे न पाहता म्हणाला. "संसार महत्त्वाचा."

"कादरभाई," मी म्हणाले, "बॉनेट उघडा."

बॉनेट उघडताच उष्णतेची लाट तोंडावर आली. कादरभाईंनी हातमोजे चढवले, इंजिनाच्या बाजूच्या जाड नळीवरचे पत्र्याचे आवरण सोडवून बाजूला ठेवले आणि चष्मा सावरून आत वाकले. पोपटराव कुठलाही महत्त्वाचा नट बसवला की नटावर आणि त्याच्या बैठकीवर मिळून छिन्नीची एक सरळ खूण मारत. नट तसूभर फिरला तरी खुणेचे दोन तुकडे दिसावेत म्हणून.

"खूण जागेवर आहे, वहिनी," कादरभाई म्हणाले. "गंज भरलाय, पण रेघ सलग आहे. पोपटराव गेल्यावर सेन्सरच्या या नटाला कोणाचा पाना लागलेला नाही."

रतन पुढे झाला. "तेच तर! निघालाच नाही तो. काढायच्या नादातच भाजलं तिला."

"मघाशी बदलला होता."

"बोलायची पद्धत असते, आजी."

मी त्याच्या हातातले खोके घेऊन उघडले. आतल्या सेन्सरच्या शेपटाला चार तारा होत्या. मी तो उचलून धरला. "या गाडीत एका तारेची जोडणी आहे. चैतालीला ते झोपेतही ठाऊक आहे. हा तुम्ही आणलात. कुठे बसवणार होतात, रतनराव? स्वतःच्या नाकात?"

गॅलरीत जयाबाई फिसकन हसल्या. रतनच्या कपाळावरची शीर वर आली.

"चैताली, पट्टी सोड."

"डॉक्टरांनी उघडू नका म्हणून सांगितलंय," रतन मध्ये आला.

"मी तुम्हाला विचारलेले नाही."

चैतालीने पट्टी सोडली. शेवटचा वेढा कातडीला चिकटला होता. तिने ओठ दाताखाली धरून तो ओढला. मी आयुष्यभर तपासणीचे काम केले आहे. पाहून झाल्याशिवाय नजर काढायची नाही, ही शिस्त मी त्या क्षणी मोठ्या कष्टाने पाळली. जखम त्रिकोणी होती. एका बाजूला टोकदार, दुसऱ्या बाजूला रुंद, कडा रेघेसारख्या सरळ. आणि त्या लाल, सोललेल्या मांसात न भाजलेल्या कातडीचे गोल गोल ठिपके ओळीने राहिले होते.

"नळी गोल असते, चेतन," मी म्हणाले. "तिला टोक नसते. तिच्या तळाला वाफेची भोकेही नसतात. तुझ्या घरी अशी वस्तू आहे. ओळख पाहू."

चेतनने नजर फाटकाकडे वळवली.

"इस्त्री," चैताली म्हणाली. आता तिने मान वर केली होती. "सही करत नाही म्हणून. दाबून धरली होती, आजी. पुढच्या वेळी तोंडावर ठेवीन म्हणालाय."

या क्षणापर्यंत मी त्या मनुष्याला तुम्ही म्हणत होते.

"रतन, ती आता तुझ्याबरोबर येणार नाही. गाडीही येणार नाही. तू चालायला लाग."

तो चालायला लागला नाही. त्याने चैतालीचा भाजलेला हात नेमका जखमेवर पकडला आणि पिळला. फोड फुटले. त्याच्या बोटांच्या फटींतून पाणी आणि रक्त गळाले आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी माणसाच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता. "बस गाडीत! बस म्हणतो ना! म्हातारीच्या जिवावर उडतेस?"

कादरभाई मध्ये पडले. "सोड पोरीला." एवढेच ते म्हणाले. रतनने मूठ वळून त्यांच्या तोंडावर मारली. चष्मा फुटला, काच गालात घुसली आणि ते ओसरीच्या पायरीवर डोके आपटून पडले. पांढरी दाढी पाहता पाहता लाल झाली. चेतन दोन्ही हात पुढे धरून उभा होता, नळाला पाणी आले आहे का ते पाहणाऱ्यासारखा.

घट्ट नट सोडवताना पान्याच्या दांड्यावर चढवायचा लोखंडी नळकांडा कादरभाईंच्या पिशवीशेजारी पडला होता. मी तो उचलला आणि रतनच्या कोपरावर मारला. हाडावर लोखंड लागल्याचा कोरडा आवाज आला. चैतालीचा हात सुटला. दुसरा घाव मी खांद्यावर घातला. तिसरा डोक्यावर घालणार होते. ते मी नाकारत नाही. पण त्याने नळकांडा हवेतच पकडला, माझ्या मुठीतून हिसकला आणि मोकळ्या हाताने मला छातीवर ढकलले. कपडे धुण्याच्या दगडावर मी डाव्या हातावर पडले. मनगटातला आवाज मला स्पष्ट ऐकू आला. आवाजावरून परीक्षा करण्याची मला सवय आहे. तो तडा होता, तुकडा नव्हता.

"आता बघ," तो चैतालीकडे वळला.

ती मागे सरकत सरकत उघड्या बॉनेटला टेकली होती. पुढे जागा नव्हती, मागे तापलेले इंजिन. त्याने नळकांडा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि सगळी ताकद लावून घाव घातला. ती बाजूला झाली. लोखंड इंजिनावर खणाणले, त्याच्या हातून निसटले आणि स्वतःच्या जोरानेच तो पोटापर्यंत आत झुकला. तोल सावरायला त्याने हात टेकला. आवरण काढलेल्या नळीवर.

तो किंचाळायच्या आत चैतालीने बॉनेटची दांडी ओढली.

बॉनेट त्याच्या पाठीवर कोसळले. आतून चर्र असा आवाज आला आणि जळक्या मांसाचा वास पेट्रोलच्या दर्पात मिसळला. त्याचे पाय खडीवर खरडत होते. त्याने पाठीने बॉनेट रेटले. ते वर उचलले गेले. चैतालीने त्यावर अंग टाकले. एका हाताने तिला ते पेलणार नव्हते. मी उठले, जवळ गेले, उजवा हात बॉनेटवर ठेवला आणि माझे सगळे वजन त्या हातावर दिले.

"उघडा! आजी, उघडा!"

"तिला कशाने भाजले?"

"मेलो! अहो, मेलो!"

"मी प्रश्न विचारला आहे."

"इस्त्री! इस्त्रीनं!"

"कोणी?"

"मी! मी भाजलं! सोडा!"

"मोठ्याने. जयाबाईंना ऐकू गेले पाहिजे."

"ऐकलं हो, सुशीलाबाई!" गॅलरीतून जयाबाई ओरडल्या. "पोलिसांना पण फोन केलाय!"

मग मी हात काढला. चैतालीने बॉनेट उचलले आणि तो खडीवर लोळला. उजवा तळवा त्याने छातीशी धरला होता. तळव्यात आडवा, वाकडा, काळपट पट्टा उमटला होता.

"नळीचे भाजणे असे दिसते, चेतन," मी म्हणाले. "नीट बघून ठेव."

पोलीस लवकर आले. जयाबाईंनी जे सांगायचे ते जिन्यातूनच सांगायला सुरुवात केली होती. रतनला जीपमध्ये घालताना तो मला शिव्या देत होता आणि पाणीही मागत होता. पाणी मी दिले. हवालदार वयस्क आणि समजूतदार होते. त्यांनी चैतालीचा हात पाहिला, गाडी पाहिली आणि माझ्याकडे वळून आवाज खाली आणला.

"आजी, बॉनेट आपोआपच पडलं असणार. जुन्या गाड्यांच्या दांड्या घसरतात."

"पोपटरावांनी बसवलेली दांडी घसरत नाही. नातीने ओढली. मी दाबून धरले. दोन्ही लिहून घ्या."

"मग तुमच्यावरही गुन्हा दाखल होईल."

"होऊ द्या. तिचा हातही त्याच कागदावर येऊ द्या. मधला मजकूर गाळून कोणी वाचू नये, एवढेच माझे म्हणणे."

त्यांनी मान डोलावली. आधी दवाखाना, मग चौकीवर जबाब, असे सांगून ते गेले.

जयाबाई खाली आल्या. त्यांनी कादरभाईंच्या डोक्याला ओढणी गुंडाळली आणि माझ्या मनगटाला लाटण्याचा आधार देऊन फडके बांधले. रिक्षा बोलावली तरी कादरभाई उठेनात.

"इंजिन अजून गरम आहे, वहिनी," ते म्हणाले. "गंजलेला नट गरम असताना सुटतो. थंड झालं की नळीचे आटेच घेऊन निघेल. पोरीला म्हणावं, आत्ताच कर."

"तिचा हात बघितलास का, आई?" चेतन म्हणाला. दुपारभरात त्याला तेवढेच सुचले.

"डावा आहे," चैताली म्हणाली.

नवी पट्टी बांधून ती आत वाकली. पाना नटावर बसवला, पान्याच्या दांड्यावर तोच लोखंडी नळकांडा चढवला आणि डाव्या हाताने रेटला. नट हलला नाही. तिने पुन्हा रेटला, पाय जमिनीत रोवून, दात आवळून, आणि तोंडाने जे शब्द काढले ते मी ऐकले नाहीत असे ठरवले. तिसऱ्या खेपेला नट किंचाळला. छिन्नीच्या खुणेचे दोन तुकडे झाले. त्यानंतर तो मुकाट फिरत आला.

नव्या सेन्सरच्या टोकाला तिने बोटही लावले नाही. मलम फक्त आट्यांना, टोकाला तेलाचा थेंब लागला तरी ते नाक मरते. आधी हाताने फिरवून आटे नीट धरू दिले, मग पाना. एक तार, एक जोडणी. ती टक् करून बसली. कादरभाई एका डोळ्याने पाहत होते आणि प्रत्येक पायरीला हुंकार देत होते. आवरण चढल्यावरच ते जयाबाईंचा हात धरून रिक्षात बसले.

चैताली घरात गेली आणि ताटली घेऊन आली. ताटलीत काजळीने माखलेला जुना सेन्सर होता. तिने ती माझ्यापुढे धरली, थोडी थांबली, खिशात हात घातला आणि सेन्सरशेजारी एक किल्ली ठेवली. ती रतनबरोबर राहत होती त्या कर्वेनगरच्या फ्लॅटची.

मी दोन्ही भाग पाहिले. "दोन्ही नापास," मी म्हणाले. ताटली घेऊन मी कपाटात ठेवली.

इंजिन सुरू झाले तेव्हा आधी ठसकले, एक काळा झोत टाकला, आणि मग हळूहळू त्याचा श्वास लयीला लागला. मी मागे जाऊन उभी राहिले. पेट्रोलचा दर्प नव्हता. वाकलेले फाटक चैतालीने पायाने ढकलून उघडले. मी डावा हात मांडीवर सांभाळत तिच्या शेजारी बसले.

चेतन गाडीपाशी आला. गाडीला आसने दोनच आहेत, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आले असावे.

"आई, मी कुठे बसू?"

"तू उभाच राहा," मी म्हणाले. "तुला त्याची सवय आहे."